बारा अभ्रे

"जरा उजेडातून बाजूला हो रे कान्या, सुईत दोरा ओवतोय," डीट्सेल म्हणाला.

डीट्सेल हा या जर्मन पाणबुडीवरच्या खलाशांचा मुकादम. मांडीवर पांढरं कापड घेऊन तो झेंडी शिवत होता. उद्या दुपारी जर्मनांनी जिंकलेल्या फ्रान्सच्या बंदरात शिरायचं होतं. शिरताना बुडवलेल्या प्रत्येक जहाजाची एक झेंडी वर फडकवायची आणि जहाज किती टनांचं होतं तो आकडा तिच्यावर काळ्या रंगात लिहायचा, हा पाणबुडीवाल्यांचा रिवाज. सात आठवड्यांच्या फेरीत एकच जहाज हाती लागलं होतं. त्यामुळे डीट्सेल या एकुलत्या एका झेंडीचे फारच लाड करत होता.

ओन्नो फोकेन सरकून बसला आणि त्याने कॉफीचा घोट घेतला. पाण्याखाली कानाला यंत्र लावून जहाजांचे आवाज टिपायचे हे त्याचं काम, म्हणून त्याचं नाव कान्या पडलं होतं. गेले नऊ दिवस तो कुणाशी धड बोलला नव्हता.

नऊ दिवसांपूर्वी त्याच्या कानात एक पंखा वाजला होता. जहाजाचा पंखा. तीन ठोके सरळ आणि चौथा लंगडा. असा लंगडणारा एकच पंखा ओन्नोला ठाऊक होता, 'गेझिने'चा. लढाईच्या आधी तो दोन वर्षं त्या जहाजावर तारायंत्र सांभाळत होता. धक्क्यावर आपटून पंख्याच्या एका पात्याचा टवका उडाला होता, आणि खाली इंजिनावर असलेला त्याचा थोरला भाऊ हाबो दर फेरीला त्या पात्याला शिव्या घालायचा. हाबो अजून 'गेझिने'वरच होता.

"काय ऐकू येतंय, फोकेन?" दुर्बिणीला डोळा लावलेल्या कॅप्टनने विचारलं होतं.

"एकच पंखा, साहेब. सावकाश. ठोका लंगडतोय."

"लंगडतोय ना? मग पळून जाणार नाही."

सगळे हसले होते. ओन्नोच्या अगदी जिभेवर 'गेझिने'चं नाव आलं होतं. पण पहिल्याच फेरीत कॅप्टनने त्याला सुनावलं होतं, की कानाने ऐकलेलं तेवढं सांगायचं, मनात आलेलं स्वतःजवळ ठेवायचं. शिवाय वर दिसत होता तो झेंडा इंग्रजांचा होता. इंग्रजांची नाकेबंदी चुकवून घरी येणारी आपली जहाजं शत्रूचाच झेंडा लावून येतात, हे ओन्नोला माहीत होतं. पण तसं जहाज येणार असलं की सोडून द्यायचा हुकूम आधी येतो, आणि बोटीवरचं तारायंत्रही ओन्नोच सांभाळत असल्याने येणारा प्रत्येक हुकूम त्याच्याच हातातून जायचा. असा एकही आला नव्हता. तो गप्प बसला. टॉर्पेडो सुटला. लाटा डोंगराएवढ्या होत्या, जहाजावरून सोडलेली एकही होडी पाण्यावर टिकली नाही.

तेव्हापासून तो स्वतःची समजूत घालत होता. टवका उडालेला पंखा काय जगात एकाच जहाजाला असतो? आईचं शेवटचं पत्र त्याने कितीदा तरी वाचलं. हाबो ब्राझीलच्या बंदरात अडकलाय, तिने लिहिलं होतं. बरं चाललंय त्याचं. तिकडून सुटला की माझ्यासाठी खरी कॉफी आणणार म्हणतो, इथे भाजलेल्या सातूचं पाणी पिऊन जीव विटला. अडकलाय, म्हणजे तो तिथेच असणार. ओन्नो तेवढ्या एका शब्दाला धरून होता.

बिछाना दोघांत एक. पाळी संपली की ओन्नो आपला अभ्रा उशीवर चढवायचा आणि त्यावर गाल टेकून पडायचा. लेअर गावातल्या घरी आईने असे बारा अभ्रे शिवले होते. प्रत्येकाच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याने घराण्याचं अक्षर आणि खाली आकडा. पोरं दर्यावर निघाली तेव्हा तिने वाटणी केली. एक ते सहा ओन्नोला, सात ते बारा हाबोला. ओन्नोच्या गालाखाली चार नंबरचा होता.

"एक कळत नाही," डीट्सेल शिवता शिवता म्हणाला. "इंग्रज चहा पिणारे. मग त्यांच्या जहाजावर ही कॉफी कुठून आली?"

"कुठली कॉफी?"

"ही काय, तू पितोयस ती. तू आपला कानाला यंत्र लावून बसलेला, तुला कसं कळणार? नंतर बोट वर आली तेव्हा फळ्यांबरोबर एक खोकं तरंगत होतं. आकडीने ओढून घेतलं. आत पांढरं गाठोडं, गच्च बांधलेलं, कॉफीने भरलेलं. आठवडाभर सगळी बोट तीच पितेय. त्याचंच हे कापड, धुऊन घेतलं. कोपऱ्यात कुणाच्या म्हातारीने नक्षी काढली होती तेवढी कापून टाकली."

ओन्नोने हातातला पेला खाली ठेवला. डीट्सेलच्या पायाशी चिंधी पडली होती. त्याने ती उचलून उलटी केली. लाल दोऱ्याचं अक्षर, आणि खाली नऊ.

डीट्सेलने ब्रश काळ्या रंगात बुडवला.

"कॅप्टनसाहेब म्हणतात पाच हजार टन लिही. अंदाजाने हं. शत्रूच्या जहाजांच्या पुस्तकात काही हे जहाज सापडलं नाही."

"चार हजार तीनशे बारा," ओन्नो म्हणाला.

डीट्सेलचा ब्रश थांबला. "इतकं नेमकं? तुला कुणी सांगितलं?"

"ते लिही. आणि कॉफी उरली असेल तेवढी बाजूला काढून ठेव, आता कुणाला देऊ नकोस. ती आमच्या आईची आहे."