तिसरा पंखवाला

पडद्यावर पंखवाल्याचा बाप मेला, तेव्हा अंकिता मोबाइल बघत होती.

चन्नप्पांनी तिच्याकडे चोरून पाहिलं. हा बाप त्यांनी तिसऱ्यांदा मरताना पाहिला होता, आणि तिन्ही वेळा लेक शेजारी होती. पहिल्या वेळी ती आठ वर्षांची होती. टॉवेलच्या कारखान्यात पाळी बदलून घेऊन ते तिला घेऊन गेले होते. बाप कोसळला तशी तिनं त्यांच्या सदऱ्याची बाही धरली, ती घरी येईपर्यंत सोडली नाही. मग काही वर्षांनी नवा नट आला आणि गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. तेव्हा ती कॉलेजात होती. आता मरणार बघा अप्पा, असं आधीच सांगून हसली होती. आणि आज हा तिसरा.

इंग्रजी नाव जिभेवर बसेना म्हणून पंखवाला हे नाव चन्नप्पांनीच दिलेलं. बापलेकीत मग तेच रुळलं. पहिला पंखवाला मजेशीर होता. उडताना दुकानाच्या पाटीला धडकायचा आणि खाली जमलेल्या लोकांची माफी मागायचा. दुसरा मुळूमुळू रडायचा. हा तिसरा हसतही नव्हता, रडतही नव्हता. त्याच्या शहरात कायम अंधार, आणि तो दबक्या आवाजात नुसता सुडाचं बोलत होता. दुपारचा खेळ. दहा-अकरा माणसं, तीही लांब लांब बसलेली.

मध्यंतराला दिवे लागले. अंकितानं मोबाइल पर्समध्ये टाकला.

"किती वेळा तेच तेच, अप्पा? पुन्हा आपला त्याला पंखांचा शोध लागतोय."

चन्नप्पा म्हणाले, पहिल्यापासून दाखवल्याशिवाय नव्या माणसाला कळायचं कसं. संध्याकाळच्या गाडीनं ती पुण्याला जाणार होती आणि मंगळवारी तिथून कॅनडाला, नोकरीवर. बॅग अर्धीच भरून झाली होती, कागदांच्या झेरॉक्स राहिल्या होत्या. तिनं घराची किल्ली मागितली.

चन्नप्पाही उठायला लागले, तर तिनं खांद्यावर हात ठेवून त्यांना बसवलं.

"तुम्ही बघा की सगळा. तुम्हाला आवडतात हे पिक्चर, म्हणून तर आले मी."

चन्नप्पा तिच्याकडे बघतच राहिले. पंखवाल्याचं त्यांना कधीच काही वाटलं नव्हतं. पहिल्या खेळाला तर त्यांना मध्ये डुलकीही लागली होती. घरी परतताना ती सगळी गोष्ट हातवारे करून सांगायची, ती ऐकायला म्हणून ते जायचे. आताही ती एका दिवसासाठी येतेय म्हटल्यावर त्यांनी शेजारच्या इंद्रजीतला गाठून त्याच्या मोबाइलवर दोन तिकिटं काढून घेतली होती, लेकीला आवडतं म्हणून. सांगून टाकावं असं अगदी ओठांवर आलं. पण जायच्या दिवशी पोर खट्टू झाली असती.

"आयितु," ते कानडीत म्हणाले, बरं म्हणतात तसं, आणि किल्ली काढून दिली. "भाकरी डब्यात हाय. खाऊन घे."

उरलेला सिनेमा त्यांनी मन लावून पाहिला. न जाणो, तिनं विचारलंच तर सांगता यावं. मारामारी पुष्कळ झाली. अर्धं शहर पडलं. शेवटी पंखवाला एका उंच इमारतीच्या टोकावर एकटाच जाऊन बसला आणि काळ्या पडद्यावर नावं सुरू झाली. माणसं उठून गेली.

चन्नप्पा बसून राहिले. नावं संपल्यावर आणखी एक तुकडा दाखवतात, हे अंकितानंच त्यांना शिकवलं होतं. तो झाल्याशिवाय ती त्यांना उठूच द्यायची नाही.

झाडायला आलेली तानाबाई दोन रांगा पुढं येऊन थांबली.

"मामा, ह्याला शेवटाला काय न्हाय. आदीच्यात असायचं. ह्यात ठेवलंच न्हाय."

"व्हय?"

"रोज बघती की मी."

चन्नप्पांनी मान हलवली, पण ते उठले नाहीत. घरी आता बॅगेची चेन लागत असेल. पडद्यावर नावं वर वर सरकत होती, परक्या मुलखातल्या शेकडो माणसांची, एकही ओळखीचं नाही. तानाबाईनं त्यांच्याकडे एकदा पाहिलं. मग ती मागं वळली आणि बाकीच्या रांगा झाडायला लागली, त्यांची तेवढी शेवटाला ठेवून.