बाकोलीचं थडगं

गुलामी संपल्याची दवंडी इमेरिना राज्याच्या गावागावांत पिटली गेली, तशी सुटलेल्या माणसांनी आपापली घरं बांधायला घेतली. बाकोलीने मात्र थडगं बांधायला घेतलं. स्वतःची झोपडी गळत होती, तरी ती आणि तिचा मुलगा तीन वर्षं डोंगरातून दगड ओढून आणत राहिले.

लोक हसायचे. "थडग्यात पूर्वज लागतात, बाकोली. तुझे कुठायत?"

थडगं पुरं झालं, तेव्हा मायलेक कुदळ घेऊन जुन्या मालकिणीच्या, रानोरोच्या वाडीत गेले. तिथे रानोरोच्या घराण्याचं मोठं थडगं होतं. त्याच्या भिंतीबाहेर, पायथ्याशी, बाकोलीची आई पुरलेली होती. दोघांनी माती उकरायला सुरुवात केली.

रानोरो काठी टेकत आली. "हे काय गं? तुझ्या आईला आम्ही आमच्या पायाशी जागा दिली. गुलामाला कोण देतं एवढं? तुलाही दिली असती."

"उपकार झाले, बाई. पण आता तिला नेते."

"दवंडी जिवंत माणसांसाठी होती, वेडे. ती बिचारी तर वीस वर्षांपूर्वीच सुटली."

बाकोलीने आईची हाडं नव्या रेशमी वस्त्रात गुंडाळली आणि गाठोडं छातीशी धरून ती उठली.

"तेव्हा मेली होती, बाई. सुटतेय ती आज."