नववी ‘ब’चा आनंद

“हिनेच लिहिलंय,” पीटीचे सर म्हणाले आणि पुरावा म्हणून त्यांनी मुलीच्या नाकाकडे बोट दाखवलं. नाक लाल होतं.

“सर्दी आहे,” मुलगी म्हणाली.

“कधीपासून?”

“सोमवारपासून.”

“आणि फॉर्म भरले कधी? सोमवारी.” पीटीचे सर खुर्चीत मागे रेलले. त्यांच्या दृष्टीने खटला संपला होता.

फॉर्म मुख्याध्यापकांच्या टेबलावर पडला होता. मनःस्वास्थ्य पाहणी. वीस विधानं, प्रत्येकापुढे ‘नेहमी’, ‘कधी कधी’ आणि ‘कधीच नाही’ अशा तीन चौकटी. वर ठळक सूचना: नाव लिहू नये. नाव नसलं की मुलं मोकळेपणाने उत्तरं देतात. त्या मोकळेपणात चुका होऊ नयेत म्हणून वर्गशिक्षकांनी उत्तरं फळ्यावर लिहून द्यावीत, असं मुख्याध्यापकांनी ठरवलं होतं. एकोणीस ‘नेहमी’ आणि एक ‘कधीच नाही’. आठवी ‘क’ने घाईघाईत ‘मला उगाच रडू येतं’पुढेही ‘नेहमी’वर खूण केली, तर त्या अख्ख्या वर्गाची फेरपरीक्षा झाली.

नववी ‘ब’च्या पटावर बेचाळीस मुलं. फॉर्म आले बेचाळीस. एकेचाळीस फळ्याशी तंतोतंत जुळले. बेचाळिसाव्यात ‘मला शांत झोप लागते’पुढे खूण होती ‘कधीच नाही’वर. ‘मला शाळेत यावंसं वाटतं’पुढेही तीच. ‘शाळेत माझं कोणीतरी ऐकतं’ इथे पेन इतकं दाबलं होतं की कागद फाटला होता.

“‘शंभर टक्के आनंदी शाळा’ अशी पाटी रंगवून आलीये,” मुख्याध्यापक म्हणाले. “नव्व्याण्णव पूर्णांक नऊ टक्के आनंदाची पाटी कोणी लावतं का?”

कोपऱ्यातल्या स्टुलावर नववी ‘ब’च्या बाई बसल्या होत्या. त्यांचं हे तिसरं वर्ष. कामाची परिणामकारकता सिद्ध झाली की नोकरी कायम होणार होती. परिणामकारकता वर्गाच्या आनंदावरून मोजणार होते, आणि वर्गाचा आनंद बाईंनी स्वतः खडूने लिहिला होता.

“घाबरू नकोस बाळ,” मुख्याध्यापक मुलीला म्हणाले. “कबूल कर आणि दाखला घेऊन जा. तू पटावरच नसलीस की तुझा फॉर्मही नाही. तूही सुटलीस, आम्हीही सुटलो.” दुःखी मूल शाळेतून काढलं की शाळा आनंदी होते, हे गणित पीटीच्या सरांनाही एका फटक्यात कळलं.

“पण सर, मी सोमवारी आलेच नव्हते.”

हजेरी मागवली. सोमवारी नववी ‘ब’ पूर्ण हजर होती. पाहणीच्या दिवशी कोणीही गैरहजर दिसता कामा नये, हा हुकूमही याच टेबलावरून सुटला होता, आणि हजेरी मांडणारा हात बाईंचा होता. मुलीने बाईंकडे पाहिलं. बाईंनी पंख्याकडे पाहिलं. पंखा बंद होता.

“घरातून निघाले होते,” मुलगी म्हणाली. “गेटपर्यंत आले. मग आत यायला नको वाटलं म्हणून परत गेले. पण आले असते ना सर, तर हेच लिहिलं असतं.”

“झाली की कबुली,” पीटीचे सर म्हणाले.

मुख्याध्यापकांनी पेनाचं टोपण काढलं आणि दाखल्यांचं पुस्तक पुढे ओढलं. गेटपर्यंत येऊन परत का गेलीस, हे विचारायला त्या खोलीत तीन मोठी माणसं होती. एकानेही विचारलं नाही.

बाई उठल्या. स्टूल पडलं.

“तो फॉर्म माझा आहे.”

“तुमचा म्हणजे?”

“एक फॉर्म उरला होता. मुलं फळ्यावरून उतरवून घेत होती, मला काही काम नव्हतं. भरला. नंतर गठ्ठ्यात गेला.”

“तुम्हाला कोणी विचारलं होतं?” मुख्याध्यापकांचा आवाज चढला.

“नाही. तीन वर्षांत कोणीच नाही. हिलाही नाही. मी तर हिला रोज हजर मांडते, आणि ही गेटवरून परत जाते हे मला आज कळतंय.”

“बाई, तुमची कायम व्हायची ऑर्डर माझ्या सहीसाठी थांबलीये. जरा विचार करून बोला.”

“थांबू दे. उत्तरं मी खोटी लिहिली, हजेरी मी खोटी मांडली. काय करायचं ते मला करा. हिच्या दाखल्याला हात लावायचा नाही.”

बाईंनी कपाटावरचा कोऱ्या फॉर्मांचा गठ्ठा काखेत मारला, मुलीला म्हणाल्या, “चल गं,” आणि कोणाचीही परवानगी न घेता बाहेर पडल्या.

वर्गात त्यांनी फळा पुसला. आधी डस्टरने, मग ओल्या फडक्याने.

“फॉर्म परत भरायचाय. फळ्यावर काहीही येणार नाही.”

“मग बरोबर उत्तर कोणतं, बाई?” मागून कोणीतरी विचारलं.

“मला माहीत नाही.”

हे वाक्य वर्गाने कुठल्याच शिक्षकाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. पाच मिनिटं एकही पेन हललं नाही. मग एक हललं, मग बाकीची. काम दोन मिनिटांचं होतं, नुसत्या वीस खुणा. पण तास संपला, घंटा झाली, मधली सुट्टी लागली, तरी बेचाळीसच्या बेचाळीस डोकी खालीच होती. मुलांनी कागद उलटा केला होता आणि ती मागच्या कोऱ्या बाजूवर लिहीत होती.

पहिला हात वर केला मॉनिटरने. सदान्‌कदा दात काढणारा, वर्गातला सगळ्यात आनंदी मुलगा.

“बाई,” तो हळूच म्हणाला, “पुरवणी मिळेल?”