हद्दीअलीकडचा थांबा

न्यू जर्सीच्या हद्दीअलीकडच्या शेवटच्या थांब्यावर वेंडेलने नेहमीप्रमाणे गाडी थांबवली. त्याच्या पिस्तुलाचा पेनसिल्व्हेनियातला परवाना हद्दीवरच्या पुलापलीकडे चालत नसे. शर्टाखालचं पिस्तूल त्याने रिकामं केलं, डिकीतल्या पेटीत ठेवून कुलूप लावलं. काडतुसं वेगळी ठेवायची शिस्त, म्हणून ती बायकोच्या पर्समध्ये गेली. “आपण नातीच्या लग्नाला चाललोय की लढाईवर?” ती म्हणाली. “वाटेत कसली माणसं भेटतात, तुला काय माहीत,” तो गुरगुरला. तेवढ्यात शेजारच्या गाडीतून एक तरुण उतरला. हातात चाक खोलायचा पाना होता. “आजोबा, चाव्या द्या.” वेंडेलचा हात सवयीने कमरेकडे गेला आणि तिथेच राहिला. “पेटीत ठेवलंत, पाहिलं मी. इथे सगळेच ठेवतात,” तरुण म्हणाला. वेंडेलकडून चाव्या घेऊन त्याने डिकीतली पेटी उघडली आणि पिस्तूल घेतलं. मग बायकोच्या खिडकीशी वाकून तो अदबीने म्हणाला, “आजी, काडतुसं पर्समध्येच असतील ना?”