चढाईचा गडी

"चंद्रभान नोको, बाबा," वच्छला म्हणाली. "त्याचा दम खोटा हाय."

खुशालराव उस्तादांनी कपाळाला हात लावला. अकोल्याच्या त्यांच्या आखाड्याला नागपंचमीच्या हुतूतूसाठी चढाई करणारा एक गडी हवा होता. जुना गडी रेल्वेत चिकटला आणि भुसावळला गेला. समोर अमरावतीचा आखाडा. डिप्टी कमिशनर साहेबाच्या हातची ढाल दरसाल तिकडेच जायची. ती एकदा तरी आपल्या हनुमंतापुढे टांगावी आणि मग उस्तादी दुसऱ्याच्या हवाली करावी, एवढीच हौस खुशालरावांना उरली होती.

अख्ख्या वऱ्हाडात कॉलेज एकच, तेही अमरावतीला. तिथल्या खेळणाऱ्या पोरांत दोघे अकोल्याकडचे म्हणता येण्यासारखे होते. वामन बार्शीटाकळीचा, आडव्या हाडाचा. धरला तर धरणाऱ्यांनाच ओढत रेघेपार आणायचा. चंद्रभान शेंदूरजनाघाटच्या संत्रेवाल्यांचा, पण सुटीत जानरावमामाकडे राहायचा आणि जानरावांचा फुलांचा मळा खुशालरावांच्या मळ्याला लागूनच होता. हा पोरगा इतका चपळ, की तो शिवून गेला हे गड्याला मागाहून कळायचं. अकोल्याने दोघांपैकी ज्याला सोडलं, त्याला अमरावती उचलणार, हेही ठरल्यासारखंच होतं.

"नागपंचमीले मैदानात चिखल असते," उस्तादांचे धाकटे भाऊ किसनराव सकाळपासून सांगत होते. "तिथं चपळाई काय कामाची? अंगात जोर पायजे. वामनले घ्या."

"चिखलात जोरवालाच आधी घसरते," खुशालराव म्हणाले. "मले चंद्रभान पायजे."

भाऊ भावाला हटेना. अशा वेळी निवाडा वच्छलाकडे जायचा. पोरगी विशीची, पण लहानपणापासून मैदानाच्या कडेला हार ओवत बसून तिने इतके डाव पाहिले होते, की पहिल्या पावलावरूनच ती गड्याचं पाणी जोखायची. उस्तादांचा तिच्या नजरेवर स्वतःपेक्षा जास्त भरवसा. आज मात्र तिचं काही खरं नव्हतं. सकाळी म्हणाली, चंद्रभान फार बारीक हाय. जेवताना म्हणाली, मामीच्या हातचं खाऊन जड झाला. आणि आता तर त्याचा दमच खोटा ठरला.

"काहून खोटा?" खुशालरावांनी विचारलं. "काल त मामाच्या मळ्यात तीन गडी शिवून आला न एका दमात."

"चार," वच्छला म्हणाली. मग घाईघाईने सुईत दोरा ओवू लागली. "पन शेवटी दम तुटतच आलता."

आत चुलीपाशी तिची आई रुख्मिणी एकटीच हसली. बाहेर कुणाचं तिकडे लक्ष नव्हतं.

शेवटी खुशालरावांनी पहिल्यांदाच लेकीचा निवाडा मोडला आणि चंद्रभानला बोलावणं धाडलं. पोरगा आला. बी.ए.च्या शेवटच्या वर्षातला, पण उस्तादांपुढे शाळकरी पोरासारखा उभा राहिला. हनुमंतापुढे नारळ फुटला. चंद्रभान पाया पडला, चेहरा मात्र कारल्याचा रस प्यायल्यासारखा. खुशालरावांना वाटलं, सामन्याची धास्ती घेतली असेल.

आता एकच गोष्ट राहिली होती. या आखाड्यात शिरायचं तर उस्तादांच्या लेकीचा भाऊ होऊनच शिरावं लागे. महिना कोणताही असो, वच्छला नव्या गड्याला राखी बांधायची. त्याशिवाय घरादारात तरण्या पोरांचा एवढा राबता कोण ठेवून घेईल?

"वच्छला, राखी आन," खुशालराव म्हणाले.

वच्छला जागची हलली नाही.

उस्ताद स्वतःच उठले. देवळीतली राखी काढून त्यांनी लेकीच्या हातात दिली आणि चंद्रभानचा हात धरायला गेले. त्याने तो पाठीमागे नेला. उस्ताद डावीकडून गेले, तर हात उजवीकडे. अमरावतीच्या पोरांना न सापडणारा तो हात आता खुद्द उस्तादांनाही सापडेना.

"बांध न, पोरी," किसनराव वैतागून म्हणाले.

"बांधतो म्हनलं न," वच्छला खाली पाहत म्हणाली. "वामनले बांधतो."

खुशालरावांनी लेकीकडे पाहिलं, मग पोराकडे, मग दारात येऊन उभ्या राहिलेल्या बायकोकडे. रुख्मिणीने पदर तोंडाला लावला होता. तेव्हा कुठे उस्तादांच्या डोक्यात उजेड पडला.

त्यांच्या डोळ्यांपुढून ढाल गेली. नागपंचमीचं मैदान आलं आणि अमरावतीकडून दम धरून आपल्याच अंगावर येणारा हा पोरगा आला. काळजात जरा कळ उठलीच. मग त्यांनी पुन्हा वच्छलाकडे पाहिलं. मान खाली होती, पण हसू काही तिला आवरत नव्हतं. ते पाहिलं आणि उस्तादांचा आनंद पोटात मावेना.

त्यांनी तिच्या हातातली राखी काढून घेतली.

"किसना, वामनले बोलाव," ते म्हणाले. "आन चंद्रभान, तू तुया मामाले सांग, संध्याकाळी मी घरी येऊन राहिलो म्हना."

चंद्रभानने पाठीमागचा हात पुढे आणला. "पन उस्ताद, मग मले अमरावतीवाले बोलावतीन. तुमच्याविरुद्ध खेळा लागन."

"खेळ न लेका, जीव लावून खेळ," खुशालराव म्हणाले. "यंदा हारलो, त जवायाच्याच हातून हारू."