डावीकडच्या सीटचं माप

"त्या मागच्या जागेत माणूस बसत नाही, मास्तर. फार तर पिशवी बसेल," दाभण म्हणाली.

मास्तरांनी तरी टेप लावलीच. मोठ्या गाडीच्या मागच्या जागेचं माप त्यांनी तिसऱ्यांदा घेतलं आणि वहीत लिहिलं.

"लहान मूल बसेल," ते म्हणाले.

गॅरेजात दोन्ही गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. एकाच इंग्लिश कंपनीच्या, साठ वर्षांपूर्वीच्या, उघड्या टपाच्या. छोटी हिरवी, कमरेएवढी, दोनच सीटची. मोठी तांबडी, हातभर जास्त लांब आणि मागे ती वादाची जागा. दोन्ही गाड्यांच्या सीटा उंदरांनी कधीच संपवल्या होत्या. मास्तर जी निवडतील तिच्यात दाभण नव्या सीटा शिवून बसवणार होती. शनिवारपर्यंत सांगा, मग दुसरी मी विकतो, असं गॅरेजच्या मालकाने बजावलं होतं.

मास्तरांनी छत्तीस वर्षं भूमिती शिकवली. वक्ररेषा शिकवताना ते फळ्यावर याच कंपनीच्या गाडीचं नाक काढत. निवृत्त झालो की ती घ्यायची, हे बायको असतानाच ठरलं होतं. ती जाऊन अकरा वर्षं झाली. आता घोडं अडलं होतं ते आकारावर.

सीट शिवणारीचं खरं नाव गॅरेजात कुणी घेत नसे. तिची सुई चामड्यातून आरपार जायची आणि जीभ माणसातून, म्हणून ती दाभण. उंचीने एवढीशी. उंच स्टुलावर बसून शिवायची आणि पाय लोंबू नयेत म्हणून खाली एक लाकडी खोकं ठेवायची. ते कुणी हलवलं की गॅरेज डोक्यावर घ्यायची.

"तीन आठवडे झाले, मास्तर. गाडी घेताय की वर्ग भरवताय?"

मास्तर हसले. तिचं बोलणं त्यांना लागत नसे. दुपारचा चहा हल्ली ते इथेच घेत.

तेवढ्यात मास्तरांची मुलगी आली. बापासारखीच ताडमाड. दीड महिन्याने ती नोकरीसाठी परदेशी निघणार होती, कायमची की काय, हे मास्तरांनी अजून विचारलं नव्हतं.

"बाबा, छोटी घ्या," ती म्हणाली.

"आणि तू येशील तेव्हा? उद्या लग्न होईल, पोरं होतील..."

"नवऱ्याचा पत्ता नाही आणि तुम्ही पोरं मागे बसवून मोकळे!"

"जागा असलेली बरी."

"रिकामी जागा घेऊन किती फिरायचं, बाबा? दोन सीटा पुरतात. खरंच."

म्हणजे ही परत येणार नाही, मास्तरांना वाटलं. आलीच तर पाहुणी म्हणून, चार दिवसांपुरती. पोरगी स्पष्ट बोलत नाही, गाडीच्या आडून सांगतेय. त्यांनी वही मिटली.

"बरं. छोटी," ते म्हणाले.

दाभण मान खाली घालून दोरा ओवत होती. तो एरवी एका झटक्यात ओवला जायचा, आज तीनदा हुकला.

दुसऱ्या दिवशी तिने मास्तरांचं माप घेतलं. तिला टेप चालत नसे. सुतळी लावायची आणि गाठी मारायच्या. कंबर, मांडी, गुडघा. "पाठ दुखते ना तुमची? खाली थोडा फोम जास्त घालते."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"चहा घेऊन उठताना कण्हता. दिसतं की."

"आणि मुलीचं माप?"

"डावीकडच्या सीटचं माप आहे माझ्याकडे," दाभण म्हणाली आणि सुतळी गुंडाळून ठेवली.

जवळजवळ दीड महिना काम चाललं. घरी मुलीच्या बॅगा भरत होत्या. मास्तर घरात थांबेनासे झाले. गॅरेजात बसत, दाभणला चामड्याच्या तुकड्यांवर कोन आखून देत. ती म्हणायची, "आयुष्यभर पोरांना छळलंत, आता मला." पण खडूच्या रेघा पुसायची नाही.

मुलगी निघायच्या आदल्या सकाळी गाडी तयार झाली. मास्तर उजवीकडे बसले. सीट पाठीला अशी लागली की दुखणं कुठे होतं तेच आठवेना. खूप दिवसांनी त्यांना बरं वाटलं, आणि लगेच वाईटही वाटलं, कारण उद्यापासून शेजारी कुणी नव्हतं.

"ये. एक चक्कर मारू," त्यांनी मुलीला हाक मारली.

मुलगी डावीकडे शिरली आणि अडकली. गुडघे पुढच्या फळीला टेकले, डोकं काचेच्या वर गेलं. सीट चांगली वीतभर पुढे होती आणि चार बोटं उंच. सरळ माप चुकलं होतं.

मास्तर वैतागले. छत्तीस वर्षं मापात काढलेल्या माणसाला हे सहन होईना. "बाई, हे काय? ही माझ्याएवढी उंच आहे! तुम्ही सुतळी लावली होती ना?"

"लावली होती," दाभण पलीकडून म्हणाली. तिने मान वर केली नाही.

मुलीने मात्र कुरकुर केली नाही. गुडघे सोडवत ती बाहेर आली, बापाकडे बघून हसली आणि दार उघडंच ठेवून बाजूला झाली. "माझं नाहीच ते, बाबा."

मास्तरांनी वाकून खाली पाहिलं. डावीकडे पाय टेकायच्या जागी एक लाकडी खोकं बसवलं होतं, सीटच्याच चामड्याने नवं मढवलेलं. त्यांनी मान वळवली. दाभण आपल्या उंच स्टुलावर बसली होती आणि तिचे पाय अधांतरी लोंबत होते.