पांढरी बाही

साहेब, तुम्ही लोसालीनेचं दुकान देवासाठी बंद केलं नाहीत. उगाच देवाला मध्ये घेऊ नका.

मे महिन्यातला तो पोरांचा रविवार होता. गावातली सगळी पोरं नवे पांढरे कपडे घालून चर्चमध्ये पाठ केलेली वचनं म्हणत होती. जमिनीत पुरून शिजत ठेवलेल्या जेवणाच्या भट्टीवरची माती काढायला लोसालीने जरा लवकर परतली होती. नवरा जाऊन वर्ष व्हायचं होतं, अंगावर अजून काळंच होतं. दुकान म्हणजे घराची पुढची खोली, लोखंडी जाळी आणि जाळीत हात जाईल एवढी खिडकी. आमच्या टोंगा बेटांवर रविवारी काही विकणं हा गुन्हा, हे इथल्या रांगत्या पोरालाही ठाऊक. लोसालीनेने ती खिडकी रविवारी कधी उघडली नव्हती. पावासाठी नाही, सख्ख्या भावासाठी नाही.

जाळीवर टकटक झाली.

"काकी, बॅटरी हवीय. गाडीच्या चावीतली. ती गोल."

"आज वार कोणता, पोरी? घरी कुणी शिकवलं नाही का तुला?"

"घरूनच पाठवलंय," मुलगी म्हणाली. तिला धाप लागली होती. "आजीला चर्चमध्ये घेरी आली. ओठ निळे पडलेत. इस्पितळात निघालो, गोळ्या घ्यायला घरी थांबलो, आणि आता गाडी सुरूच होत नाही. चावीचं बटण दाबून दाबून बघितलं."

गावातल्या अर्ध्या गाड्या अशाच, जपानात वापरून झाल्यावर इथे आलेल्या. काय बिघडलंय ते पुढच्या पडद्यावर लिहून येतं, पण जपानीत. मग माणूस आधी चावीची बॅटरी बदलून बघतो.

"मग तुला कशाला धाडलं? मोठं कुणी नाही घरात?"

मुलगी पायांकडे बघायला लागली. "त्यांना नाही येता येत, काकी."

पोर कुणाची, हे लोसालीनेला माहीत होतं. तिने खिडकी उघडली. पांढरी बाही आत आली, मुठीत चावी. लोसालीनेने फटीत सुरीचं टोक घालून चावी शिंपल्यासारखी उघडली. जुनी बॅटरी नखाने काढली. नवी बसवली ती घाईत उलटी बसली, परत काढून सुलटी केली. झाकण दाबलं, बटण दाबलं. लाल ठिपका पेटला.

मुलीने दुसरी मूठ उघडली. तीत पैसे होते.

"ठेव ते. रविवारी मी विकत नाही."

मुलगी पळाली. थोड्या वेळाने गाडी दारावरून गेली. आवाज नाही, काही नाही. पेट्रोल-विजेवरच्या त्या गाड्या तशाच जातात, चोरासारख्या.

समोरच्या घरातून कुणीतरी जाळीत गेलेली बाही पाहिली होती. आठवड्यात लोसालीनेला तुमच्या कचेरीतून बोलावणं आलं. मोठ्या माणसासमोर जाताना बांधतात तशी कमरेला चटई बांधून, केस बांधून ती गेली आणि तुमच्यासमोर खाली बसली.

"खिडकी उघडलीस?" तुम्ही विचारलंत.

"उघडली."

"विकलंस?"

"दिलं. विकलं नाही."

"खिडकी उघडली म्हणजे दुकान उघडलं."

शेजारी बसलेल्या तुमच्या कारकुनाने तोंड घातलं. "घेणारं कोण होतं ते सांग. घेणाराही तेवढाच दोषी. नाव सांगितलंस तर साहेब तुझ्यावर दया करतील."

तुम्ही पाण्याचा पेला उचललात. लोसालीने तुमच्याकडे बघत थांबली. तुम्ही पेला तोंडाला लावून बसलात, आणि त्यातलं पाणी काही कमी होत नव्हतं.

"एक पोर होतं," शेवटी ती म्हणाली. "पांढऱ्या कपड्यातलं. त्या दिवशी सगळीच पोरं पांढऱ्यात होती."

तुम्ही पेला खाली ठेवलात आणि परवाना रद्द केलात. जाता जाता तिला पावित्र्यावर चार शब्दही ऐकवलेत.

आता जाळीला आतून पत्रा ठोकलाय. तिच्या दोन पोरांची शाळा त्या खिडकीवर चालायची. थोरला परवापासून दुसऱ्याच्या मळ्यात रताळी खणायला जातो. लोसालीने अजूनही नाव घेत नाही. मी शेजारी म्हणून विचारलं तर म्हणाली, "त्या पोरीला काय म्हणून उभं करायचं? ती तर पळत आली होती."

तिने तोंड बंद ठेवलं. मी ठेवणार नाही.

तुमच्या आईला आता बरं आहे. चर्चच्या दारात उभी राहून ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते की देवानेच मला वेळेवर पोचवलं.

सांगा साहेब, त्या रविवारी तुमची गाडी सुरू कशी झाली?